कपाटाला घाम सुटला

"लोकांचे नवरे बायकोला डाग करतात, माझा नवरा लोकांचे डाग काढत फिरतो," असं अम्मी आल्यागेल्या बाईला सांगायची. आमच्याकडे सोन्याच्या दागिन्यालाही डागच म्हणतात, त्यामुळे ऐकणारी आधी अम्मीच्या मोकळ्या गळ्याकडे बघायची आणि मग तिला हसू फुटायचं. अब्बाही हसायचे. हा विनोद त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता, तरी दर वेळी मान खाली घालून, खांदे हलवत, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. घरात आमची बोली दखनी, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि अब्बा दोन्ही एकाच वाक्यात कालवायचे. मी इथे सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण पुढं माझा सगळा धंदा मराठीत झाला आणि आता अब्बासुद्धा आठवतात ते मराठीतच बोलताना.

अब्बांचं काम लाकडाच्या पॉलिशचं. नवं पॉलिश ते करायचेच, पण अहमदपुरात आणि आसपासच्या गावांत त्यांना बोलावणं यायचं ते बिघडलेलं पॉलिश दुरुस्त करायला. कुणी कढत चहाचा कप टेबलावर ठेवलेला असायचा आणि खाली पांढरं कडं उमटलेलं असायचं. कुणाच्या खुर्चीच्या हातावर विडीचा चटका, कुणाच्या दिवाणावर नवशिक्या कारागिरानं सोडलेले ओघळ. दमट हवेत घाईनं केलेल्या पॉलिशवर पांढुरकी झाक धरते, तिला अब्बा 'ढग' म्हणायचे. घरातली बाई अपराधी चेहऱ्यानं वरचं फडकं उचलून डाग दाखवायची. अब्बा वाकायचे, बोटाचं पेर डागावरून फिरवायचे आणि डॉक्टरनं नाडी बघून सांगावं तसं सांगायचे, "लाकडाला कायबी झालं न्हाई, बाई. वरल्या वर हाय." एवढं ऐकूनच तिचा जीव भांड्यात पडायचा. मी पुढं आयुष्यात हे वाक्य बऱ्याच ठिकाणी वापरलं, लाकूड सोडून इतर गोष्टींसाठीही, आणि बहुतेक वेळा ते खरं निघालं.

घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत चपडा लाखेच्या बाटल्या ओळीनं उभ्या असायच्या. चपडा म्हणजे लाखेच्या पातळ, मधाच्या रंगाच्या पापड्या. त्या स्पिरिटमध्ये भिजत घालायच्या, दिवसभर बाटली हलवत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून घ्यायचं. त्यामुळे आमच्या घरात कुणीही कशालाही उठलं की वाटेत बाटली हलवायचं. पाणी प्यायला चाललात, हलवा बाटली. दारात पाहुणा आला, उठता उठता हलवा बाटली. माझ्या थोरल्या बहिणीला उदगीरहून बघायला आले तेव्हा तिनं चहाचा ट्रे एका हातात धरून दुसऱ्या हातानं बाटली हलवली होती, आणि तरीही लग्न जमलं. अम्मीचा कायदा एकच, स्पिरिट चुलीच्या खोलीत यायचं नाही. बाहेर पडवीत लाकडावर घासायच्या कागदाची खरखर आणि आत भाकरी थापल्याचा आवाज, या दोन आवाजांत मी वाढले. जेवायला ज्वारीची भाकर, चुका घातलेली आंबट डाळ आणि जवसाची चटणी. जवस आमच्याकडे दोन वाटांनी यायचा. दाणे चटणीला आणि तेल पॉलिशला. अब्बांच्या नाकाला मात्र दोन्हींतलं काही कळत नसे. तपकीर ओढून ओढून त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं.

अम्मीचा हात मिठाला सैल होता. डाळ खारट झाली की अब्बा काही बोलायच्या आधी मी म्हणायची, "मीठ मी टाकलं." तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन, चुलीजवळ मला कुणी फिरकूही देत नसे. अब्बा गंभीर तोंडानं विचारायचे, "किती टाकलंस?" मी म्हणायची, "मूठभर." मग ते अम्मीकडे बघून म्हणायचे, "आली बघ आपली झूठी गवाह." खोटी साक्षीदार. हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच. घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की मी आपली हात वर करून तयार. आता वाटतं, त्यात चांगुलपणा फार नव्हता. घरात कुणी कुणावर चिडलं की माझ्या पोटात दुखायचं, आणि स्वतःवर घेतलं की ते थांबायचं, एवढंच.

मॅट्रिक झाले आणि अब्बांनी मला बरोबर न्यायला सुरुवात केली. लोकांनी नावं ठेवली. तरणीताठी पोरगी एसटीनं गावोगाव हिंडते म्हणून मावशीनं अम्मीला सुनावलं. पण अब्बांचे डोळे अधू झाले होते. दूरचं दिसायचं, हातभर अंतरावरचं विरघळायचं. चष्मा लावला तरी पॉलिशमधली बारीक खोट त्यांना दिसेना. मी शेजारी बसून सांगायची, "उजवीकडं, बोटभर वर, केसाएवढी रेघ हाय." त्यांचा हात तिथं बरोबर जायचा. शिवाय कामं लोकांच्या माजघरात असत, तिथं पोरगी बरोबर असली की बायकाही मोकळ्या बोलायच्या. मला तर हे दिवस संपूच नयेत असं वाटायचं. माझ्याबरोबरच्या पोरी घरात बसून कशिदा काढत होत्या, आणि मी शिरूर अनंतपाळपासून उदगीरपर्यंत कुणाच्या घरात कसलं टेबल आहे हे सांगू शकत होते.

आमच्या धंद्यात लेप म्हणत नाहीत, हात म्हणतात. पाच हात दिले, सात हात दिले. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळायचा, लाखेत बुडवून पिळायचा, त्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब सोडायचा म्हणजे तो लाकडाला चिकटत नाही, आणि फिरवायला लागायचं. पहिल्या दिवशी अब्बा म्हणाले, "आठ काढत जा." मी मन लावून आठ काढत गेले. थोड्या वेळानं त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे काय करून राहिली? जागोजाग गाठी कशाच्या?" मी म्हणाले, तुम्हीच तर आठ म्हणालात. त्यांनी माझा हात धरून काढायला लावला तेव्हा घोळ कळला. मी शाळेतला मराठी आठ काढत होते. तो एका टोकाला सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाला थांबतो. बोळा थांबला की ओलं पॉलिश त्याला चिकटतं आणि तिथं खोट राहते. अब्बांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण त्यांचा आठ इंग्रजी होता, स्वतःभोवती फिरणारा, कुठंच न संपणारा. "मराठीत लिही, मराठीत बोल," ते म्हणाले, "फक्त आठ तेवढा इंग्रजी काढ." ही गोष्ट त्यांनी पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली, माझ्यासमोर.

शिरूर अनंतपाळचं काम आलं ते असं. गोविंदराव म्हणून एक शेतकरी होते. त्यांच्या बांधावर सागाचं एकच झाड होतं. धाकट्या मुलीच्या, विमलच्या, लग्नासाठी त्यांनी ते तोडून गावच्या सुताराकडून कपाट करून घेतलं. दोन दारांचं, आणि प्रत्येक दार एकसंध फळीचं. अशी रुंद फळी तेव्हाही दुर्मीळ होती. विमलचं सासर हदगावकडचं, घर मोठं, माणसं पारखी. कपाट तिच्याबरोबर जाणार होतं. अब्बांनी दारावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "गोविंदराव, ह्याला सात हात देतो. तुमची लेक म्हातारी होईल, कपाट होनार न्हाई."

आम्ही चार दिवस त्यांच्या ओसरीवर राहिलो. विमलची आई, आम्ही तिला काकू म्हणायचो, दोन्ही वेळा गरम भाकरी, पिठलं आणि शेंगाची चटणी वाढायची. आमचे कप मात्र वेगळे होते, कोनाड्यात उपडे घातलेले. तेव्हा जग असंच असतं असं वाटायचं, वाईट वाटायचं ते फार पुढं. विमल माझ्याच वयाची, जाड वेणीची, सारखी हसणारी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डाव्या दाराचं सगळं झालं. त्यात बघितलं तर समोरच्या गोठ्यातली म्हैस दिसायची, शिंगांसकट. तिसऱ्या दिवशी उजवं दार. सकाळी विमल मला लग्नाची लुगडी दाखवायला आत बोलवायला आली, मी घाईनं उठले आणि ओढणीच्या टोकानं जवसाच्या तेलाची बाटली उडाली. खाली शहाबादी फरशी. काचेचे तुकडे झाले आणि तेल फटीतून मुंग्यांच्या घरात गेलं.

अब्बा मागं हौदावर हात धूत होते. त्यांनी काही ऐकलं नाही. गावात जवसाचं तेल मिळालं असतं की नाही, मी विचारलंसुद्धा नाही. विमल म्हणाली, "तेलच ना? रडायला काय झालं? घरात लई हाय." ती आत गेली आणि औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत गोडंतेल घेऊन आली, फोडणीचं, शेंगदाण्याचं. मला वाटलं, तेल ते तेल. बोळा सरकल्याशी कारण. मी मॅट्रिक पास होते, आणि मॅट्रिक पास माणसाला असं बरंच काही वाटतं. जवसाचं तेल वाळतं, लाखेबरोबर घट्ट होतं. गोडंतेल जन्मात वाळत नाही, हे चटणी-पोळी खाणाऱ्या कुठल्याही पोरानं तोंड पुसताना ओळखावं, मला ओळखता आलं नाही. अब्बा आले, बसले, मी बाटलीतला थेंब बोळ्यावर सोडला. सात हात त्यांनी त्याच तेलावर दिले. उजवं दारही चमकलं, त्यातही म्हैस दिसली. आम्ही अहमदपूरला परत आलो आणि मी ती गोष्ट विसरून गेले.

पंधरा-सोळा दिवसांनी विमलचा भाऊ दत्ता एसटीनं आला. पडवीत उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. "चाचा, कपाटाला घाम सुटलाय," तो म्हणाला. अब्बांना वाटलं थट्टा करतोय. दत्ता म्हणाला, "खरंच. दारावर दव पडल्यावानी ठिपके यिऊन राहिले. पुसले की जातात, सकाळी पुन्हा हायेत. धूळ चिकटून राहिलीया. बोट लावलं की बोट उमटतंय. गल्लीतल्या बायका म्हनून राहिल्या, पोरगी जायच्या आधीच कपाट रडून राहिलंय, लक्षण बरं न्हाई. आईनं दोन दिस जेवण सोडलंय." लग्न नऊ दिवसांवर आलं होतं.

मला तिथल्या तिथं कळलं. फुटलेली बाटली आणि विमलनं आणलेलं गोडंतेल डोळ्यांसमोर आलं. अब्बा मात्र आपल्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात पालथे करून, मग उताणे करून. दत्ताला त्यांनी दोन दिवसांत येतो म्हणून सांगितलं, आणि तो गेल्यावर अम्मीला म्हणाले, "डोळे गेले ते चाललं. आता हात गेला."

त्या दोन दिवसांत अब्बांनी आलेली दोन कामं परत पाठवली. तिसऱ्या कुणाला तरी लातूरच्या एका कारागिराचं नाव सांगितलं, आणि त्याला आपली पॉलिशच्या सामानाची पेटीही देऊन टाकायची म्हणाले. शिरूरचं कपाट जमेल तसं निस्तरायचं आणि मग उदगीरला मेव्हण्याच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. अम्मीला सांगताना आवाजसुद्धा चढला नाही. ती म्हणाली, एका कपाटानं काय होतं? ते म्हणाले, "पॉलिश खोटं बोलत न्हाई." त्या दोन दिवसांत अम्मीनं तो डागांचा विनोद एकदाही केला नाही आणि बाटल्या कुणी हलवल्या नाहीत. चपडा तळाशी बसून राहिला.

आणि मी, प्रत्येक सांडलेल्या गोष्टीला हात वर करणारी, तोंड शिवून बसले. का, ते आजही सांगायला लाज वाटते. सांगितलं तर अब्बा मला पुन्हा कधी बरोबर नेणार नाहीत, घरात कशिदा काढत बसावं लागेल. नाही सांगितलं तर अब्बाच कुठं जाणार नाहीत. एवढा सोपा हिशेब होता, आणि तो मला दोन दिवस सुटला नाही. खोटं कबूल करायला मला कधी क्षणाचाही वेळ लागला नव्हता. खरं कबूल करायची ही पहिली वेळ होती.

शिरूरला पोचलो तेव्हा ऊन चढलेलं होतं. कपाट माजघराच्या कोपऱ्यात, उजवं दार खिडकीकडे. काकू पदर तोंडाशी धरून उभी, गोविंदराव बाजूला झाले. अब्बांनी उजव्या दारावर बोटं टेकवली. ती चिकटली, उचलताना चक्क आवाज आला. त्यांनी दुसऱ्यांदा हात लावला नाही. वळले, ओसरीवर येऊन खांबाला टेकून बसले आणि गोविंदरावांना म्हणाले, "माफ करा. असं माझ्या हातनं कधी झालं न्हाई." गोविंदरावांनाच कसंतरी झालं. ते पाणी आणतो म्हणून आत गेले.

मी अब्बांसमोर बसले आणि सांगून टाकलं. बाटली फुटली, विमलकडून गोडंतेल घेतलं, तेच बोळ्यावर सोडलं, तुम्हाला सांगितलं नाही. अब्बांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "झूठी गवाह. अजून मीठ टाकूनच राहिली का गं?"

मी म्हणाले, "अब्बा, खरंच."

"हाव, हाव. मूठभर टाकलं असशील."

मी रडायला लागले. विमल दारात उभी होती, ती पुढं आली आणि म्हणाली, "चाचा, ती खरं बोलून राहिली. तेल मीच दिलं. आमच्या फोडणीचं." अब्बांनी तिच्याकडेही तसंच प्रेमानं बघितलं. "तू बी गुणाची हायेस, बाळ. दोघी मिळून म्हाताऱ्याला समजावून राहिल्या. पण मला माझा हात कळतो." आता काय करावं? बारा वर्षं मी या माणसासमोर खोटं कबूल करत आले होते आणि त्यानं ते लाडानं मानून घेतलं होतं. आता खरं सांगत होते तर त्यालाही तोच लाड मिळत होता. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचं दुःख मला त्या दिवशी कळलं, फक्त माझा लांडगा उलटा होता.

मी माजघरात गेले. कशाला, ते मलाच माहीत नव्हतं, बहुतेक तोंड लपवायला. कपाटासमोर उभी राहिले आणि खिडकीतल्या उजेडात दोन्ही दारं पहिल्यांदाच नीट बघितली. उजवं दार मलूल, धुळीनं माखलेलं, ठिपक्याठिपक्यांचं. डावं दार कोरडं. त्यात मी दिसत होते, रडून नाक लाल झालेली. घाम सुटला होता तो अर्ध्याच कपाटाला, आणि 'कपाट रडतंय' म्हणताना दुसऱ्या दाराकडे कुणी बघितलंच नव्हतं. दत्तानंही नाही आणि अब्बांनीही नाही.

मी धावत ओसरीवर आले आणि अब्बांचा हात धरून ओढला. "हे काय, हे काय," म्हणत ते माझ्यामागं आले. मी त्यांचा तळवा आधी उजव्या दारावर ठेवला, मग उचलून डाव्या दारावर ठेवला. ते थबकले. तळवा खाली नेला, वर नेला, कडेपर्यंत नेला. मग बोटांची पेरं, मग पालथा हात. मी म्हणाले, "दोन्हीला तुमचाच हात हाय अब्बा. हात तोच. तेल बदललंय."

 डाव्या दारावरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.  शेवटी त्यांनी विचारलं, "फोडणीचं?" मी मान हलवली. "कढीपत्ता तरी घालायचा होता," ते म्हणाले, आणि खांदे हलायला लागले. मान खाली घालून ते तसेच हसत राहिले, अम्मीच्या विनोदाला हसायचे तसे, आणि मग मला दिसलं की हसता हसता ते डोळे पुसत होते. काकूला काय झालं ते कळेना, पण तीही हसायला लागली. घरातली माणसं बऱ्याच दिवसांनी हसली असतील.

मग अब्बा माझ्याकडे वळले आणि हसू गेलं. "सांगितलं का न्हाईस?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "तुम्ही पुन्हा नेलं नसतं." ते म्हणाले, "बाटली फुटली तर बाटली आनता येती. दोन दिस मी माझ्या हाताला शिव्या देऊन राहिलो, नसीम." एवढंच. पुढं या विषयावर ते मला कधी रागानं बोलले नाहीत, पण ते वाक्य मला अजून लागतं. त्यांनी पेटी उघडली, नवा बोळा बांधला आणि माझ्या हातात दिला. "जिनं तेल घातलं तिनंच काढायचं."

उजवं दार मी पार लाकडापर्यंत नेलं. स्पिरिटचा बोळा फिरवायचा, सुटलेली लाख फडक्यावर ओढून घ्यायची, पुन्हा फिरवायचं. त्यावर खडूची पूड चोपडून उन्हात ठेवलं, की मुरलेलं तेल ती ओढून घेते. पूड पिवळी पडली की झटकून नवी. विमल खडू कुटून देत होती. काकू ओरडली की नवरीचे हात खराब होतील, तर विमल म्हणाली की कपाट माझं हाय. दुसऱ्या दिवशी पूड पांढरीच राहिली, तेव्हा दत्तानं अहमदपूरहून आणलेल्या जवसाच्या तेलावर मी पहिला हात दिला. अब्बा शेजारी डोळे मिटून बसले होते. बोळ्याच्या आवाजावरून त्यांना कळायचं. "थांबू नको," ते मधूनच म्हणायचे. "मराठी होऊन राहिलाय तुझा आठ." सातवा हात झाला तेव्हा त्यांनी दोन्ही दारांवर दोन तळवे एकदम ठेवले, डोळे मिटूनच. मग डावा हात काढून घेतला आणि उजवा थोडा वेळ ठेवला. "चालंल," म्हणाले. अब्बांच्या तोंडी त्याहून मोठा शब्द नव्हता.

पेटी लातूरला गेली नाही. अब्बांनी पुढं बरीच वर्षं काम केलं, आणि त्यांच्यानंतर मी केलं. लग्न होऊन लातूरला आले तरी केलं. 'पॉलिशवाल्या आपा' म्हणून मला ओळखणारी माणसं अजून भेटतात. आता सगळं यंत्रानं फवारतात, डाग पडला की फळीच बदलतात. नातू म्हणतो, दादी, आता लाकूड असतंच कुठं? विमल हदगावला आहे, मुलांची लग्नं झालेली. सूनबाईला कपाटावर सनमायका लावायची होती, तर विमलनं मला फोन करून सांगितलं, "तुझ्या दाराला मी हात लावू दिला न्हाई." मी एकदा जाऊन बघून आले. लोकांना दोन्ही दारं सारखी दिसतात. मला फरक कळतो. उजवं जरा जास्तच चमकतं. माझा हात अब्बांएवढा हलका कधीच झाला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक म्हण झाली. दूध नासलं, रेडिओ बंद पडला, अम्मीची डाळ खारट झाली, की अब्बा म्हणायचे, "तेल बदललं असंल." अम्मी गेल्यावर ते माझ्याकडे लातूरला राहायला आले तेव्हाही म्हणायचे. आणि मग खरोखरच त्यांचा हात गेला. आधी करंगळी थरथरायला लागली, मग मनगट. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वय झालं म्हणून सांगितलं. एका सकाळी मी त्यांच्यापुढं चहा ठेवला, त्यांनी कप उचलला आणि निम्मा चहा टेबलावर सांडला. मीच पॉलिश केलेलं टेबल होतं ते. ते हाताकडे बघत राहिले, पालथा करून, मग उताणा करून, दत्ता आला त्या दिवशी पडवीत बघितला होता तसाच. मला पुसायचंही सुचलं नाही.

"नसीम," ते म्हणाले, "तेल बदललं का गं?"

मी म्हणाले, "हाव, अब्बा. मीच बदललं."

त्यांनी मान वर केली. दिसत तर फारसं नव्हतंच, पण माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "झूठी गवाह," ते म्हणाले. मी कप त्यांच्या ओठांना लावला आणि उरलेला चहा त्यांनी सावकाश प्यायला. टेबलावर पांढरं कडं उठलं होतं, ते मी त्याच दुपारी काढलं, कारण डाग तसाच ठेवलेला त्यांना चालला नसता.